चौथा टोला

सुतळीच्या वाट्याला आनंदाचे दिवस इतके कमी आले होते की, त्या सकाळी जाग येताच त्याला आधी वाटलं, आपल्याला ताप भरलाय. छाती धडधडत होती, तळहात ओले झाले होते. मग डोकं जागेवर आलं. आज घंटा वाजणार होती!

तो ताडकन उठला. लोहाराच्या भट्टीवरच्या माळ्यावर त्याचं अंथरूण, आणि माळा बुटका. उठताना डोकं तुळईवर आपटायचं हा त्याचा रोजचा नेम. आज जरा जोरातच आपटलं, पण पठ्ठ्या हसला. खाली मामा चहा गाळत होते.

"फुटली का तुळई?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"मामा, आवरा ना! लोक जमले असतील."

"सात वाजलेत. घंटा दहाला आहे. लोकांना दुसरी कामं असतात."

मामा म्हणजे त्याच्या आईचे भाऊ, पंचाहत्तरीला टेकलेले लोहार. हे नावही त्यांनीच ठेवलेलं, कारण सतराव्या वर्षी भाचा खरोखरच सुतळीसारखा दिसायचा. आता तो चौतिशीचा होता, घण मारून मारून मनगटं चांगली भरली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

प्रार्थनाघराच्या मनोऱ्यावरची ती काशाची घंटा नऊ वर्षं मुकी होती, आणि तिला मुकी करणारा हाच पठ्ठ्या. तेव्हा तो पावडरीच्या नादी लागला होता. नादी कसला, पावडरीने त्याला घरगडी म्हणून ठेवला होता! आधी त्याने मामांच्या सांडश्या विकल्या. मग ज्या बहिणीने त्याला आईच्या मागे लहानाचा मोठा केला, त्या ताईचं शिवणयंत्र विकलं. ताई शिवणकामावर घर चालवायची. आणि विकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो बासष्ट पायऱ्या चढून मनोऱ्यावर गेला, घंटेच्या पोटात लोंबणारा वीस किलोचा लोखंडी लोलक काढला आणि पोत्यात घालून भंगारवाल्याकडे नेला. दीडशे वर्षांच्या आवाजाच्या दोन पुड्या झाल्या. त्या संध्याकाळपर्यंतसुद्धा पुरल्या नाहीत.

वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवा लोलक बसवू म्हणून लोक किती वेळा प्रार्थनाघराच्या बाईंकडे गेले! बाई तिथल्या प्रमुख. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आणि निवृत्त झाल्या तरी सगळ्या वस्तीला अजून चौथीचा वर्ग समजायच्या. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "ज्याने नेला तोच आणून लावील." लोक म्हणत, बाई, तो मेला तर? बाई म्हणत, "मग मुकी राहू दे. तेवढी लाज आपल्यालाही असू दे."

तो मेला नाही. दोनदा जाता जाता वाचला, रुग्णालयात तीन महिने काढले, आणि बाहेर पडल्यावर आधी ताईच्या दाराशी गेला. ताईने दार उघडलं नाही, त्याच्या धास्तीने ती आतूनही कुलूप लावायची. आतूनच बोलली, आवाज अगदी शांत.

"माझ्या लेकीच्या गळ्याची शपथ घेतलीस, देवाची घेतलीस, आईची घेतलीस. आता तुझ्या तोंडून काही ऐकायचं नाही मला. ती घंटा वाजेल ना, त्या दिवशी ये. तोवर या गल्लीत दिसू नकोस."

ताईला वाटलं होतं, घंटा कशाला वाजतेय! पण सुतळीने ते वाक्य गाठीला बांधलं. दोन वर्षं तीन महिने तो त्या वाक्यावर जगला. पावडरीला शिवला नाही. बाईंनी संध्याकाळच्या बैठकीत बसवलं तर बसला, मामांनी भाता दिला तर भाता ओढला. आणि देव तर त्याने असा धरला की विचारू नका. बाईंनी प्रार्थना सांगितली दिवसातून दोनदा, हा आठदा करायचा. उपास सांगितला एका दिवसाचा, याने चार दिवस केला आणि ऐरणीशेजारी आडवा झाला.

"अरे, सोडलंस म्हणतोस की नुसतं दुकान बदललंस?" त्याच्या तोंडावर पाणी मारत मामा ओरडले होते. "थोडं म्हणून काही असतं, हे कुणी शिकवलंच नाही वाटतं तुला!"

तर आज ती घंटा वाजणार होती, आणि दोर ओढणार होता सुतळी. त्यानंतर तो ताईच्या दाराशी जाणार होता. धुतलेला सदरा खुंटीला होता, दाढी कालच झाली होती. एवढ्या आनंदात माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का? त्याचं तर परवापासूनच नव्हतं.

परवा झालं ते असं. लोलक घडवून तयार झाला. ट्रकच्या जुन्या आसाचं पोलाद, आठवडाभर ठोकून ठोकून त्याला गोळ्याचा आकार आणला होता. मामांचा खांदा दुखत होता म्हणून घण सगळा सुतळीचाच. शेवटी मामा म्हणाले, "आता लाल करून राखेत पूर. सकाळपर्यंत हात लावू नकोस." आणि ते दुपारचे झोपायला घरात गेले.

मामा काय करायचं ते सांगत. का करायचं ते सांगायची त्यांची पद्धत नव्हती. सुतळी राखेकडे बघत उभा राहिला. छिन्नी असो, कुदळ असो, कुऱ्हाड असो, दोन वर्षांत त्याने जे जे बनवलं त्याला शेवटी पाणी पाजलं होतं. लालबुंद पोलाद पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, झिजत नाही. मग देवाच्या घरची वस्तू तेवढी मऊ का ठेवायची? म्हाताऱ्याला कंटाळा आला असेल! शिवाय हे साधं काम नव्हतं, हे त्याचं प्रायश्चित्त होतं. ते कसं, कधी झिजणार नाही असंच हवं. त्याने प्रार्थनाघराच्या विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणलं, डोळे मिटून आठवेल ती प्रत्येक प्रार्थना म्हटली आणि लालबुंद गोळा पाण्यात घातला. काय फुसकारा उठला! सुतळीचे डोळे भरून आले. मग त्याने लोलक पुसला आणि मामांना उगाच त्रास नको म्हणून परत राखेत पुरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामांनी राखेतून काढला तो थंड लोलक. त्यांना वाटलं, झालं काम.

दहाला प्रार्थनाघराच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरंटोरं भिंतीवर चढून बसली होती. नऊ वर्षांखालची मुलं तर आयुष्यात पहिल्यांदाच ही घंटा ऐकणार होती. मामांनी दुखऱ्या खांद्यानिशी वर चढून लोलक टांगला, बोल्ट आवळला आणि खाली जाऊन पहिल्या रांगेत बसले. वर उरले सुतळी आणि बाई.

"तीन टोले," बाई धापा टाकत म्हणाल्या. "गेलेल्यांसाठी एक, आहेत त्यांच्यासाठी एक, येणाऱ्यांसाठी एक. चौथा नाही."

"बाई, मी म्हणत होतो सत्तावीस मारू. महिन्यागणिक एक."

"हा तुझा वाढदिवस नाही. तीन."

सुतळीने खिडकीतून खाली बघितलं. मागच्या भिंतीशी ताई उभी होती. हातातलं काम टाकून आली असणार, गळ्यात मापाची फीत तशीच होती. ताई आली होती! त्याने दोर घट्ट धरला.

बाई मात्र लोलकावरून हात फिरवत होत्या. "छान झालाय हो. जुना असा गुळगुळीत नव्हता. त्याच्या दोन्ही गालांना खळगे पडले होते, माझा अंगठा बसायचा त्यात. माझे वडील सांगायचे, घंटा म्हातारी होऊ नये म्हणून बिचारा हा म्हातारा होतो."

"म्हणजे?"

"झिजायचा ना तो. तू नेलास तो तिसरा होता. आधीचे दोन झिजून गेले. घंटा बघ, तीच आहे. ओरखडा नाही तिला."

सुतळीच्या हातातला दोर सैल झाला. राख कशासाठी होती ते त्याला आत्ता कळलं. एकाने झिजायचं असतं. तो झिजला नाही, तर दुसरी फुटते. लोहाराच्या खिशात कानस असतेच. त्याने ती काढली आणि लोलकाच्या गालावर ओढली. कानस काचेवरून जावी तशी घसरली. दातही उमटला नाही.

खालून पोरं ओरडत होती, "वाजवा! वाजवा!"

तीन टोल्यांनी काय होतंय, त्याच्या मनात आलं. हळू मारू. आजचा दिवस जाऊ दे, उद्या गुपचूप काढून नीट करू, कुणाला कळतंय! ताई आलीय, दार उघडेल, एकदा दार उघडलं की मग सगळं नीट होईल. आणि लगेच त्याच्या अंगावर काटा आला, कारण हा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. आज जाऊ दे, उद्यापासून नीट. याच आवाजाने त्याला बारा वर्षं दारोदार फिरवलं होतं.

त्याने डोकं खिडकीबाहेर काढलं.

"थांबा!" तो एवढ्या जोरात ओरडला की कबुतरं उडाली. "घंटा आज वाजणार नाही! मी चूक केलीय. मामांनी सांगितलं होतं राखेत ठेव, मी पाणी पाजलं. वाजवली तर घंटा फुटेल. मामांना माहीत नव्हतं, मी लपवलं. चूक माझी आहे!"

आवारात एकदम कल्ला. "याच्या हातात द्यायचंच कशाला!" "आता हाही विकायचा असेल!" मामा पहिल्या रांगेत डोक्याला हात लावून बसले होते. सुतळीने बोल्ट काढला, लोलक खांद्यावर घेतला आणि बासष्ट पायऱ्या उतरला. नऊ वर्षांपूर्वीही असाच उतरला होता, पण तेव्हा पोतं होतं आणि कुणी बघत नव्हतं. आज भर सकाळी सगळी वस्ती बघत होती. लोकांनी वाट दिली. मागच्या भिंतीपाशी कुणीच नव्हतं. ताई निघून गेली होती.

भट्टीवर येईपर्यंत मामा गप्प होते. आल्यावर मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"मी राख म्हणालो होतो! राख!"

"का ते नव्हतं सांगितलंत."

"का कशाला सांगायचं? पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही मला!" मामांनी भात्याचा दांडा हातात घेतला, मग सोडून दिला. जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या बापानेही मला सांगितलं नव्हतं. बरं झालं तू ओरडलास. ओढ भाता."

लोलक पुन्हा लाल झाला, राखेच्या पेटीत गेला, वर पत्रा पडला. आता करायचं काहीच नव्हतं, आणि तेच सुतळीला जमत नव्हतं. दर पाच मिनिटांनी तो पत्र्याकडे जायचा. चौथ्यांदा हात पुढे केला तेव्हा दारातून आवाज आला, "बस खाली!" तो चौथीतल्यासारखा बसला. बाई पालथ्या बादलीवर टेकल्या.

"प्रार्थना किती वेळा सांगितली होती मी?"

"दोनदा."

"आणि करतोस किती?"

"आठ. कधी दहा."

"वरच्या सहा कुणासाठी?"

"भीती वाटते, बाई. थांबलो की आत रिकामं होतं. त्या रिकाम्यात पावडर पुन्हा येऊन बसेल."

"म्हणून देवाला कोंबतोस त्यात. पुडीसारखा." बाईंचा आवाज मऊ झाला होता. "अरे, तो कुठे पळून जातोय? रिकामं झालं तर रिकामा बस जरा. तिथे तो नसतो असं तुला कुणी सांगितलं?"

त्या दिवशी त्याने दोनच प्रार्थना केल्या. मधला वेळ अंगावर आला. तो घामाघूम झाला, उठला, बसला, अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. पण पत्रा उचलला नाही. ताईच्या गल्लीकडे मात्र बघायची हिंमत झाली नाही. ज्या एका दिवसावर त्याने सगळं लावलं होतं, तो आपल्याच हाताने घालवून तो बसला होता.

सकाळी मामांनी लोलक काढला आणि कानस ओढली. कुरकुर आवाज झाला, चकचकीत कीस खाली पडला. मामांनी तो बोटावर घेऊन भाच्याच्या नाकाला लावला. "हे बघ! आता झिजेल शहाण्यासारखा!" आणि चक्क नाचले, दुखरा खांदा धरून.

आवारात कालच्यापेक्षा दुप्पट गर्दी! काल जे शिव्या देत होते, तेच आज पुढची जागा धरून बसले होते. सुतळीने वरून मागची भिंत बघितली. ताई नव्हती. पण बाईंनी मान हलवली आणि त्याने दोर ओढला.

काय तो आवाज! आधी पायाखालचा मनोरा थरारला, मग छाती, आणि मग तो सगळ्या छपरांवरून पसरत गेला. खाली म्हाताऱ्या माणसांनी तोंडाला हात लावले. भिंतीवरची पोरं कान झाकून खिदळायला लागली. दुसरा टोला पडला तेव्हा मामा उभे राहून टोपी उडवत होते. तिसरा टोला घंटेने असा काही लांबवला की तो संपतोय की नाही तेच कळेना.

"आणखी!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळं आवारच, "आणखी! आणखी!"

सुतळीच्या दंडातून वीज खेळत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडभर हसू होतं, हात दोरावर होते. एवढं सुख त्याला आयुष्यात दुसऱ्या एकाच गोष्टीने दिलं होतं, आणि ती गोष्टही हेच म्हणायची. आणखी एक. बाई त्याच्याकडे बघत होत्या. चौथा टोला त्याच्या हातात आला होता, नुसतं खाली ओढायचं होतं.

त्याने दोर सोडला. मग तो खुंटीला तीन वेढे देऊन गुंडाळला, हात सदऱ्याला पुसले आणि जिना उतरायला लागला. आवारात लोकांनी त्याला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो निसटला आणि धावत सुटला.

ताईच्या गल्लीत शिरल्यावरच त्याने धावणं थांबवलं. दार बंद होतं. त्याने कडी वाजवली. आत ताईचं नवं शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. दार उघडलं.

ताईचे केस पांढरे झाले होते. गळ्यात फीत, हातात कापडावर रेघा मारायचा खडू. सुतळीची नजर चौकटीकडे गेली. चौकटीवर खडूच्या तीन रेघा होत्या, ताज्या.

"मोजत होते," ताई म्हणाली. "बाईंनी सांगितलं होतं, तीन मारायला सांगितलेत म्हणून. मी चौथ्याची वाट बघत होते."

"का गं?"

"तू कधी थांबलायस कुठे आयुष्यात?" तिचा आवाज चिरकला. "काल आपणहून ओरडलास ना, कुणी पकडायच्या आधी? ते ऐकलं आणि घरी येऊन आतलं कुलूप काढून ठेवलं. कडी काढायची का, ते आज बघू म्हटलं."

"आणि चौथा वाजला असता तर?"

"तर यंत्र थांबलं नसतं."

दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग ताईने फितीचं टोक डोळ्यांना लावलं, दारातून बाजूला झाली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चप्पल बाहेर काढ. जेवणार?"

"थोडं," सुतळी म्हणाला.

ताई त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिला हसू फुटलं.